अर्ध्या दिवसाचं शहर

ब्लँचर्डस्टाउन, डब्लिन
२१ जुलै २०२०

अहो,

नमस्कार वगैरे पुढच्या पत्रात, राग उतरला तर. आधी मुद्द्याचं. मी इथे अडकलेली नाही.

काल सुलेखावन्सं फोनवर रडायलाच लागल्या. "वहिनी, कुठे अडकलात हो परमुलखात!" मी विचारलं, मी अडकलेय असं कोणी सांगितलं? तर म्हणे दादानं. म्हणजे तुम्ही सोसायटीत, नातेवाइकांत आणि तुमच्या टूर कंपनीच्या प्रवाशांच्या सगळ्या ग्रुपांवर माझ्या नावानं सहानुभूती गोळा करताय. बंद करा ते. जूनमध्ये सरकारच्या विमानात माझी जागा पक्की झाली होती. लंडनला जायचं, तिथून मुंबई. मीच नाही म्हटलं. "आईला जागा मिळाली नाही" असं वैदेहीनं तुम्हाला सांगितलं, ते मी सांगायला लावलं. लेकीला खोटं बोलायला लावलं याचं वाईट वाटतं. ते तुमच्याशी बोलायला लावलं याचं वाटत नाही.

इथल्या सरकारनं पाहुण्यांचे व्हिसे आपोआप वाढवलेत, त्यामुळे तीही काळजी नको. पुण्याला परत यायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. हो, "की नाही" असंच लिहिलंय. चष्मा पुसून परत वाचा.

फोन का उचलत नाही, असं तुम्ही जावयाला विचारलंत म्हणे. सुश्रुत बिचारा काय सांगणार! फोनवर तुम्ही बोलता आणि मी हं-हं करते. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. पत्रात मला मधे तोडता येत नाही. तुम्ही तिकडे "ते जाऊ दे, हे ऐक" म्हणालात, तरी मला इथे ऐकू येणार नाही. आता लिफाफ्यावर तुमचं नाव माझ्या हातानं लिहावं लागेल. उखाण्यात घेतलं, त्यानंतर बहुतेक आत्ताच. मघाशी कागदावर लिहून पाहिलं, गुरुनाथ. काही झालं नाही, घराचं छत जागेवर आहे.

आणखी एक बातमी. काल मी एकटी शहरात गेले.

वैदेहीची हॉस्पिटलात ड्यूटी होती. सुश्रुत बेडरूमचं दार लावून ऑफिसच्या मीटिंगा करत होता. स्वरालीला मी मराठीत सांगितलं, की आजी शहरात चाललीय, बाबाला सांग. तिनं टीव्हीवरची नजर न काढता "ग्रँड, आजी" म्हटलं. सात वर्षांची पोर! इथे सगळं ग्रँडच असतं. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, उशीर झाला तरी ग्रँड. बसमध्ये चढताना मास्क कानातून सुटला आणि मी कार्ड कुठे टेकवायचं ते शोधत बसले. मागे रांग. ड्रायव्हर म्हणाला, "यू आर ग्रँड, लव्ह, टेक युअर टाइम." अहो, टेक युअर टाइम! तुमच्या बसमध्ये हे वाक्य मी एकदाही ऐकलेलं नाही.

एकोणचाळीस नंबरची दुमजली बस. वर गेले, अगदी पुढच्या काचेपाशी बसले. नदी दिसली तिथे उतरले. माझ्यापुढे कोणी छत्री उंच धरून चालत नव्हतं. "मंडळी, इकडे!" नव्हतं. मला सोडून कोणालाही भूक लागलेली नव्हती. मी एक गाजराचा केक घेतला, बाकावर बसून सगळा खाल्ला, आणि बस धरून घरी आले.

वैदेही संध्याकाळी चिडली. चिडू दे.

पद्मिनी


९ ऑगस्ट २०२०

अहो,

पत्र पोचलं म्हणायचं. उत्तर मात्र लेकीच्या व्हॉट्सॲपवर! "आईला सांग, डब्लिन हे अर्ध्या दिवसाचं शहर आहे. कॉलेजातलं जुनं पुस्तक, बिअरचा कारखाना, पुलावर फोटो, संपलं. हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतोय. उगाच वणवण करू नकोस म्हणावं." आणि खाली मस्ट सी पॉइंट्स. एकापुढे एक, मिनिटांसकट.

बरं. तर तुमच्या त्या पुलावर मी अर्धा दिवस बसले. पांढरा लोखंडी पूल आहे, कमानीचा. पूर्वी तो ओलांडायला अर्धी पेनी द्यावी लागायची म्हणून नावही तेच पडलंय, हे तुमच्या माहितीपत्रकात आहे. पण एक गोष्ट त्यात नाही. सकाळी गेले तेव्हा नदी पार खाली गेली होती. भिंतींवरचं शेवाळ उघडं पडलेलं, आणि तळाच्या चिखलात कोणाची तरी सायकल रुतलेली. दुपारी बघते तर पाणी वर चढलेलं, सायकल गायब. आणि नदी उलटी वाहत होती! समुद्राकडून शहराकडे. मला वाटलं आपल्यालाच चक्कर येतेय. शेजारी एक म्हातारा सँडविच खात होता, त्याला विचारलं. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे. मी हातानं दाखवलं, रिव्हर, राँग वे. तो इतका हसला! म्हणाला, समुद्र जवळ आहे ना, भरती आली की रोजच अशी उलटी जाते. तुम्ही किती वेळा आलात या शहरात? नदी उलटी वाहते हे तुम्हाला माहीत होतं का? नव्हतं. तुमचा पुलावरचा वेळ दहा मिनिटं, त्यात टॉयलेट.

आता मी माझे नियम केलेत. एका दिवशी एकच गोष्ट बघायची. कंटाळा आला की उठायचं, त्याआधी नाही. फोटो काढायचा नाही. आणि निघताना डबा करायचा नाही, मिळेल ते खायचं.

चुका होतात. परवा घरी यायला बसस्टॉपवर उभी होते. बस आली, तिचा वरचा पुढचा बाक रिकामा दिसला, तर मी नंबर न बघता चढले. वर जाऊन ऐटीत बसले. बस भलतीकडेच निघाली. कारखाने, गोदामं, घरांच्या रांगा... पोहोचले क्लोनडॉकिनला! म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. तुम्ही असता तर कपाळावर हात मारून घेतला असतात, आणि ते रात्रीच्या जेवणात सगळ्यांना सांगितलं असतंत. मी उतरले. समोर रस्त्याच्या कडेला दगडी मनोरा. गोल, उंच, टोपी घातलेला, हजार वर्षांहून जुना. आणि त्याच्या खाली बायका ट्रॉल्यांमधून भाजी नेतायत. कोणी वर मान करून बघतही नव्हतं. तासभर मी एकटीच बघत होते. तुमच्या यादीत तो मनोरा नाही. मी वैदेहीला यादी दोनदा वाचायला लावली.

आता "तुला युरोप दाखवला की मी" हे जे तुम्ही चारचौघांत म्हणता, त्याबद्दल. गेल्या वर्षी मे महिन्यात मी तुमच्या टूरवर आले. "आकाश परकं, जेवण घरचं!" हे आपल्या कंपनीचं वाक्य, आणि आपला आचारी ऐन वेळी आजारी पडलेला. तेव्हा तुम्हाला आठवलं की पद्मिनीनं अजून परदेश पाहिलेला नाही. आणि काय पाहिलं मी? रोमच्या हॉटेलातली बाथरूम पाहिली, कारण खोलीत कुकर लावला की धुराचा भोंगा वाजतो. पॅरिसचा टॉवर पाहिला, बसच्या काचेतून, मांडीवर परात घेऊन कांदा चिरताना. प्रवाशांतल्या अलकनंदाताईंना बिनकांद्याचं वेगळं. सगळे बोटीत बसायला गेले, तेव्हा मी सामानापाशी. "तू थांब गं, तू काय घरचीच." हे वाक्य मी दहा देशांत ऐकलं.

सध्या पुण्यात जेवणाचं काय करताय, ते मी विचारणार नाही.

पद्मिनी


२७ सप्टेंबर २०२०

अहो,

शहर पुन्हा निम्मं बंद झालं. संग्रहालयं बंद, हॉटेलांत आत बसायचं नाही. रस्ते कोणी बंद केलेले नाहीत. मी मास्क लावून फिरते, कोणाच्या जवळ जात नाही, नदीकाठाकाठानं चालते. जुन्या चर्चच्या आवारात बसते. आत जाता येत नाही तर बाहेरून बघते, बाहेरही पुष्कळ आहे.

गुरुवारी वैदेही ड्यूटीवरून आली. मास्कचे वळ गालांवर, डोळे लाल. मी नुकतीच शहरातून येऊन बूट काढत होते. तिनं पर्स आपटली. "आई, मी दिवसभर माणसं श्वासासाठी धडपडताना बघते आणि तू मजा म्हणून बसनं फिरतेस! तुला काही झालं तर बाबांना काय सांगू मी?"

मी म्हटलं, "बाबांनी विचारलं तर सांग. आधी विचारू तर देत."

"म्हणजे काय? तुमचं नेमकं झालंय तरी काय? त्या पेट्रोल पंपाच्या जोकवरून एवढं?"

बघा. पोटच्या पोरीलाही जोकच माहीत होता. मग मी तिला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण तुम्ही ती गोष्ट इतक्या वेळा सांगितलीत की तुम्हाला तुमचीच खरी वाटायला लागली असेल.

ऑस्ट्रियात हायवेवर बस थांबली. पेट्रोल पंप, मागे दुकान, समोर डोंगर. सगळे उतरले, आइस्क्रीम खाल्लं. मी पिठल्याचं मोठं पातेलं घेऊन बायकांच्या बाथरूमात गेले, कारण दुपारचं खरकटं तसंच होतं आणि रात्री त्यातच भात लावायचा होता. बेसिन छोटं, पातेलं मोठं. घासून बाहेर आले तर बस नव्हती. पर्स बसमध्ये, फोन पर्समध्ये, पासपोर्ट तुमच्या बॅगेत. माझ्या हातात पातेलं.

तुम्ही माणसं मोजली होतीत. नेहमी मोजता, दोन-दोनदा, बोट दाखवून, अगदी काटेकोर. आकडा बरोबर आला, कारण त्या आकड्यात मी नव्हतेच. प्रवासी मोजायचे, घरचं माणूस कशाला मोजायचं! तुम्ही मला मुद्दाम सोडलं असतंत तर भांडायला तरी सोपं होतं. तुम्ही काहीच चुकला नव्हतात. तुमची मोजणी बरोबर होती.

आणि कळलं कधी? पुढच्या मुक्कामावर, अंधार पडायला लागल्यावर, कोणीतरी म्हणालं, "गुरुनाथराव, आज जेवण नाही का?" तेव्हा.

त्याचंही मी काही बोलले नसते. परत आलात, हात धरून बसमध्ये चढवलंत, सॉरी म्हणालात, मी भात लावला. पण जानेवारीत आपल्या प्रवाशांच्या स्नेहमेळाव्यात, एवढा हॉल भरलेला असताना, तुम्ही माइक घेतलात. "मंडळी, बायको विसरली तर चालतं, पण पिठलं विसरलं तर पब्लिक मारतं!" सगळा हॉल हसला. मी पहिल्या रांगेत पैठणी नेसून बसले होते. माझ्याकडे वळून वळून हसले लोक. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी वैदेहीकडे जायचं तिकीट काढायला लावलं.

वैदेही चहा न पिता ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आई, तेवढा वेळ तू एकटी तिथे काय केलंस गं?"

हा प्रश्न तुम्ही मला विचारलेला नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. लेकीलाही मी उत्तर दिलं नाही. आधी तुम्ही विचारायचं. तुम्ही विचारल्याशिवाय मी परत येण्याचा विचारही करणार नाही, हे आता ठरलं.

पद्मिनी


२४ जानेवारी २०२१

अहो,

आता पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी. शहर त्याच्या पलीकडे आहे. ठीक आहे, मी अलीकडचं बघते. घरापासून चालत गेलं की कालवा लागतो, दोनशे वर्षांचा. त्याला लाकडी दारं आहेत, बोटीला पाण्याच्या पायऱ्या चढवणारी. बोटी नाहीत सध्या, दारं आहेत. थंडी अशी की नाक आपलं वाटत नाही. स्वराली कधी कधी बरोबर येते. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत. काल तिला म्हटलं, कपाटातून माझी टोपी आण. तर म्हणाली, "इट्स इन द प्रेस, आजी." कपाटाला प्रेस! मी म्हटलं, असू दे, आण.

तुमचा निरोप पोचला. "सॉरी तेव्हाच म्हटलं होतं. आणि मेळाव्यात विनोद होता. तूही हसलीस की." हसले. माइक तुमच्या हातात होता, मी दुसरं काय करणार होते? पदर तोंडाला लावून रडले असते तर पुढच्या वर्षी तोही किस्सा झाला असता.

प्रश्न तुम्ही अजून विचारलेला नाही.

कुकर कसा लावायचा हे तुम्ही वैदेहीला व्हिडिओ कॉलवर विचारलंत, हे मात्र कळलं. पाणी किती घातलं होतंत हो? तिनं फोटो दाखवला. मी हसले नाही. खोटं कशाला, हसले.

तुम्ही म्हणता फेब्रुवारीअखेर ऑनलाइन स्नेहमेळावा आहे. कंपनी बंद असली तरी माणसं धरून ठेवायला हवीत, मीही असायला हवी, "तो पंपाचा किस्सा आपण दोघं मिळून सांगू, लोकांना मजा येईल."

येते. सांगू.

पद्मिनी


१ मार्च २०२१

अहो,

काल बोलले ते तुम्ही ऐकलंत की नाही, मला माहीत नाही. तुमचा चौकोन मधेच काळा झाला. म्हणून लिहून पाठवते.

तुमच्याकडे संध्याकाळ होती, इथे दुपार. सुश्रुतनं लॅपटॉप लावून दिला. पडद्यावर सगळे ओळखीचे चेहरे, घरात बसून सुजलेले. तुम्ही जाकीट घातलं होतंत. सुरुवात छान केलीत, गेलेल्यांची नावं घेतलीत तेव्हा मलाही भरून आलं. आणि मग तेच. "मंडळी, बायको विसरली तर..." सगळे हसले, पण आवाज बंद असल्यामुळे नुसती तोंडं हलली. तुम्ही म्हणालात, "आता दुसरी बाजू ऐका! पद्मिनी, बोल."

मी बोलले. त्यांना वाटलं गंमत आहे, म्हणून पहिला थोडा वेळ हसतच होते.

मी म्हटलं, बस दिसली नाही तेव्हा मी घाबरले. पातेलं घेऊन हायवेपर्यंत धावले. मग धाप लागली आणि परत आले. दुकानातल्या बाईला खुणेनं सांगितलं. तिनं मला कॉफी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. मी पातेलं कठड्यावर पालथं घातलं, वाळायला. बाकावर बसले. समोर डोंगर होते. तोपर्यंत मी ते बसमधून, कोणाला तरी पाण्याची बाटली देता देता पाहिले होते. आता नुसते बघत बसले. त्यांच्यावर ऊन होतं, ते हळूहळू वर सरकत गेलं. कोणी मला हाक मारली नाही. कोणाला चहा नको होता. कोणाची गोळी शोधायची नव्हती. मी लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हापासून इतका वेळ मी नुसती बसलेली नव्हते. मला आधी ते कळेना, मग कळलं की मला बरं वाटतंय. फार बरं वाटतंय.

आणि मग वळणावर आपली बस दिसली. दारात तुम्ही उभे. मी रडायला लागले. तुम्हाला वाटलं मी आनंदानं रडतेय. तुम्ही सगळ्यांना तसंच सांगता, "मला बघून ओक्साबोक्शी रडली." मी रडले ते बस परत आली म्हणून. आणखी थोडा वेळ विसरला असतात तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

इथवर बोलले आणि तुमचा चौकोन काळा झाला.

मग अलकनंदाताईंचे ओठ हलायला लागले. कोणीतरी सांगितलं, ताई, माइक चालू करा. त्यांनी केला. म्हणाल्या, "पद्मिनीताई, तुम्ही नाही आहात हे आम्हालाही कळलं नव्हतं हो. त्या रात्री माझ्या बिनकांद्याचं सगळ्यांत आधी मीच विचारलं." आणि त्या रडायला लागल्या. मी म्हटलं, ताई, रडू नका, तुमचा काय दोष. खरंच त्यांचा काही नाही.

मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. पण शब्द परत घेणार नाही. एकही नाही.

पद्मिनी


२९ एप्रिल २०२१

अहो,

दोन महिने तुमच्याकडून काही नाही. वैदेहीशी बोलता, माझ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. नका काढू.

पण इथल्या टीव्हीवर रोज भारत दाखवतायत. मी बघते आणि मग बघवत नाही. सुलेखावन्संच्या दिरांचं कळलं. वैदेही हॉस्पिटलातून येते आणि जेवायच्या आधी तुम्हाला फोन लावते, तेव्हा मी दाराआड उभी असते. तुम्ही खोकलात की मोजते.

लस मिळेल तिथे, मिळेल ती घ्या. भाजीवाल्याशी दारात गप्पा मारत उभे राहू नका, तुम्हाला सवय आहे. वाफ घ्या. वरच्या मजल्यावरच्या चंद्रहासभाऊंना किल्ली देऊन ठेवा. हे सगळं मी लिहितेय म्हणून मी वितळले असं समजू नका. भांडण आहे तिथेच आहे. ते पुरं करायला मला तुम्ही लागता. दुसऱ्या कोणाशी भांडून काय करू?

पद्मिनी


१७ ऑक्टोबर २०२१

अहो,

तुमचं पत्र आलं. दारातल्या फटीतून पडलं तेव्हा मला वाटलं विजेचं बिल असेल. इतक्या वर्षांत तुम्ही मला पत्र लिहिलेलं नाही, लग्न ठरल्यावरसुद्धा नाही, तेव्हा तुमच्या आईनं तुमच्या नावानं लिहिलं होतं. मी ते घेऊन बसनं शहरात गेले. घरी वाचायचं नव्हतं. नदीकाठी बसून वाचलं. भरती होती.

तुम्ही लिहिलंय की चौकोन काळा झाला तो तुम्ही बंद केला, आणि मग अंधारात ऐकत राहिलात. सगळं ऐकलंत. त्या दिवशी बस वळवून परत येताना तुम्ही ड्रायव्हरला ओरडत होतात, मनात नको नको ते आलं. आणि ते कोणाला सांगायची लाज वाटली म्हणून तुम्ही त्याचा विनोद केलात. मग विनोद चालला, म्हणून करत राहिलात. हे मी चार वेळा वाचलं. मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही जेवणासाठी आलात.

आणि शेवटी, अगदी खाली, पान संपत आल्यावर, बारीक अक्षरात: "तू विचार म्हणालीस तेव्हा मी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती होती."

बरोबर होती भीती.

तर आता तुमचा व्हिसा झालाय, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येताय. लेक, नात खूश आहेत. मीही आहे, लपवत नाही. तुम्ही लिहिता, "तू मला डब्लिन दाखव. तू पुढे, मी मागे, म्हणशील तिथे येईन, म्हणशील तितका वेळ थांबेन. मग बरोबरच पुण्याला परत येऊ." किती अवघड गेलं असेल हे तुम्हाला लिहायला, मला कळतं. कागदावर खोडाखोड दिसते.

नाही.

मी तुम्हाला काही दाखवणार नाही. छत्री माझ्या हातात आली म्हणून काय झालं, कोणीतरी पुढे आणि कोणीतरी मागे, हे तसंच राहिलं. मला ते नकोच आहे. पुण्याचं तिकीटही आत्ता काढायचं नाही, ना तुमच्याबरोबर, ना एकटीचं.

पोचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी, झोप पुरी झाली की, तुम्ही एकटे शहरात जायचं. यादी घरी ठेवायची. फोन मी ठेवून घेईन. एकोणचाळीस नंबर आमच्या कोपऱ्यावरून सुटते, वरच्या मजल्यावर पुढे बसा. ड्रायव्हरशी हिंदीत बोलू नका. कुठेही उतरा. मनोरा बघा, नदी बघा, नाहीतर काही बघू नका, बाकावर बसून राहा. भूक लागली तर काही विकत घ्या, काय घ्यायचं ते मी सांगणार नाही. सुरुवातीला घाबरायला होईल, कोणाला तरी हाक मारावीशी वाटेल. हाक मारायला कोणी नसेल. थोडं थांबलात की ते जातं.

संध्याकाळी घरी या. त्या दिवशी सुश्रुत स्वयंपाक करणार आहे, मी सांगून ठेवलंय. मी दिवाणखान्यात बसलेली असेन. दिवसभर काय केलंत ते मी विचारेन, आणि तुम्ही सांगायचं. सगळं सांगायचं. मी मधे बोलणार नाही.

आणि परत येऊच नये असं वाटलं असेल, क्षणभर जरी, तर तेही सांगा. मग पुण्याचं बोलू.

पद्मिनी